आधी पाठ मोजा, मग सॅक घ्या

पाऊस ओसरल्यावर रतनगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंत तीन दिवस चालत जाण्याचा बेत आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतील दोघी मैत्रिणींनी ठरवला आहे, आणि सॅक खरेदीला निघण्याआधी त्यांनी मला विचारले, ‘‘ताई, किती लिटरची घेऊ?’’ डोंगरात पहिल्यांदाच मुक्कामाला जाणारे बहुतेकजण मला हेच विचारतात. दोन-तीन दिवसांसाठी ४० ते ५० लिटर पुरतात, हे उत्तर एका वाक्यात संपते. परंतु सॅक अंगाला त्रास देणार की नाही, हे लिटरवर ठरत नाही. ते तुमच्या पाठीच्या लांबीवर ठरते, आणि ती मोजून घ्या असे दुकानात क्वचितच कोणी सांगते.

मोजणे अवघड नाही. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड ठळकपणे हाताला लागते. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर असे ठेवावेत, की अंगठे मागे पाठीकडे येतील. त्या अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपासून मानेच्या हाडापर्यंतचे अंतर घरातल्या कोणाला तरी शिवणाच्या टेपने, पाठीच्या वळणावरून मोजायला सांगावे. माझे ४१ सेंटीमीटर भरते. हे मला ठाऊक नव्हते तेव्हा मी ६० लिटरची, माझ्यापेक्षा बऱ्याच उंच माणसाच्या मापाची सॅक घेऊन याच वाटेवर गेले होते. तिचा कंबरपट्टा कमरेच्या हाडांवर न बसता खाली घसरत होता, त्यामुळे सगळे वजन खांद्यांवर आले, आणि कात्राबाईच्या खिंडीपर्यंत पोहोचताना खांद्यांवर लाल वळ उठले. त्या रात्री मला कुशीवर झोपता आले नाही. ओझे तेवढेच, रस्ता तोच. पण पुढच्या वर्षी पाठीच्या मापाची सॅक नेली तेव्हा पाचनईच्या चढावरही खांदे मोकळे होते.

म्हणून दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात पाहण्याचा काही उपयोग नाही. आत आठ-नऊ किलो वजन भरून मागावे. आधी कंबरपट्टा हाडांवर बसवून घट्ट करावा, मग खांद्यांचे पट्टे ओढावेत, त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे तिरपे जाणारे छोटे पट्टे आणि शेवटी छातीचा पट्टा लावावा. खांद्यांचे पट्टे खांद्याला चिकटून राहिले, मधे पोकळी दिसली नाही आणि तरीही बहुतांश भार कंबरेवर जाणवला, तर माप बरोबर आहे. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी सॅक थोडी महाग पडते, पण घरातील दोघांना आलटून पालटून वापरता येते.

पाठीला वारा लागावा म्हणून ताणलेली जाळी असलेल्या सॅका सध्या पुष्कळ दिसतात. साध्या पायवाटेवर त्या सुखाच्या असतात. मात्र ओझे पाठीपासून दूर गेल्यामुळे कातळटप्प्यावर तोल मागे जातो, आणि म्हणून सह्याद्रीसाठी मी त्या सुचवत नाही. डोक्याच्या वर जाणारी सॅकही नको. पहाटेच्या कसारा लोकलच्या गर्दीत ती इतरांना लागते आणि चढताना मान वर करू देत नाही. बाहेर लटकवलेली चटई कारवीच्या रानात अडकते, तेव्हा तीही आतच मावली पाहिजे. पावसाळी आवरणाने पाठीकडची बाजू झाकली जात नाही. तिथून पाणी झिरपतेच. त्यासाठी आतून एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळे सामान तिच्यात भरावे.

भरलेल्या सॅकचे वजन पाण्यासकट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावे. ५५ किलोच्या बाईला ११ किलो, आणि त्यात तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो तिथेच गेले.

सॅक घरी आणल्यावर लेबल न काढता तेवढे वजन भरून इमारतीचे जिने अर्धा तास चढ-उतार करावेत. पट्टा कुठेही रुतत नसेल, तरच लेबल काढून पुढच्या रविवारी ती उपवनहून येऊरच्या चढावर न्यावी. बदलून घेण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे मात्र बिल करण्याआधीच विचारून ठेवा.