निबंध तपासताना लाल पेन जरा बाजूला ठेवा

दुसरी-तिसरीच्या मुलाला ‘माझी आई’वर दहा ओळी लिहायला सांगितल्या की जवळजवळ प्रत्येक ओळ ‘माझी आई’नेच सुरू होते. विषय फार मोठा असतो, म्हणून. त्याऐवजी ‘घरी पोळी कशी करतात?’ असं विचारा. आधी तोंडी सांगू द्या, मग चारच वाक्यं लिहू द्या. मळणं, लाटणं, उलटणं, शेकणं अशी क्रियापदं आपोआप येतात.

पाचवी-सहावीत खरी अडचण शुद्धलेखनाची. एका वेळी एकच नियम घ्या आणि आठवडाभर तेवढाच तपासा. उदाहरणार्थ, ‘गरीब’चं ‘गरिबाला’, ‘फूल’चं ‘फुलाला’. पण ‘शरीर’ तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून ‘शरीराला’. सगळ्याच चुका एकदम लाल केल्या तर मूल अवघड शब्दच टाळू लागतं, आणि हे नुकसान ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

नववी-दहावीत पाठ केलेली सुरुवात मोडायला हवी. पहिला परिच्छेद झाकून निबंध दुसऱ्यापासून वाचून पाहा. बहुतेकदा काहीच बिघडत नाही. मग मोठ्याने वाचायला लावा. जिथे श्वास अडतो, तिथे वाक्य तोडायचं. कच्चं लिखाण एक ओळ सोडून केलेलं असावं, म्हणजे दुरुस्तीला जागा राहते.