जंताची गोळी दोनदा झाली तरी लाडूचे जुलाब थांबेनात

लाडू, आमचं मांजराचं पिल्लू, पार्किंगमध्ये सापडला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा, पोट गरगरीत आणि पाठीची हाडं मोजून घ्यावीत. व्हेट म्हणाले जंत असणार, गोळी दिली, दुसऱ्या दिवशी शीमधून शेवयांसारखे पांढरे जंत पडले. किळस आली पण म्हटलं चला, सुटलो एकदाचे. कुठलं काय, जुलाब चालूच! शी फिकट, बुळबुळीत, वर शेंबडासारखं काहीतरी, आणि वास असा की बाल्कनीतून हॉलपर्यंत यायचा. आईचं फोनवर एकच पालुपद, दहीभात घाल त्याला. मी काय केलं तर तीच गोळी आणून माझ्याच मनाने परत दिली (करू नका असलं काही), शून्य फरक.

शेवटी दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या अगं ती गोळी जंतांची, ह्याला जिआर्डिया असेल तर त्याचं तिने काही वाकडं होत नाही, तो एकपेशीय परजीवी, मायक्रोस्कोपशिवाय दिसायचा नाही. आणि त्यातही लबाड, शीमध्ये रोज सापडतोच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीची 3 सॅम्पल आण, ताजी. मग काय, सकाळी सहाला हातात डबी आणि आइस्क्रीमचा लाकडी चमचा घेऊन मी लिटर बॉक्सपाशी दबा धरून, आणि साहेब माझ्याकडे बघत ढिम्म बसलेले. पहिलं सॅम्पल क्लिअर, दुसरं क्लिअर, तिसऱ्यात सापडला!

वजनावर मोजून फेनबेंडाझोल नावाचं औषध, 5 दिवस. औषध एक वेळ सोपं हो, खरा वैताग साफसफाईचा. जिआर्डियाच्या सिस्ट (शीतून बाहेर पडणारी त्याची कवचातली रूपं) शेपटीखालच्या केसांना चिकटून राहतात, मांजर स्वतःला चाटतं आणि परत पोटात, म्हणजे आपण औषध देतोय आणि हा परत गिळतोय. म्हणून शेवटच्या दिवशी शाम्पूने मागची बाजू धुवायची, माझ्या मनगटावर अजून ओरखडे आहेत. शिवाय शी केली की लगेच उचलायची आणि वाट्या उकळत्या पाण्यातून काढायच्या.

आज सकाळी लिटर बॉक्समध्ये चक्क घट्ट शी. आनंदाने फोटो काढून नवऱ्याला ऑफिसात पाठवला. तो नेमका डबा उघडून बसला होता म्हणे.