पेनफोल्ड पत्रपेटीचं मॉडेल, १:१२ – धड झालं, आता टोपी

षटकोनी धड उभं राहिलं. प्लास्टिक शीटच्या सहा पट्ट्या १२० अंशांच्या साच्यावर टेकवून आतून चिकटवल्या आणि कडा मुद्दाम किंचित घासल्या. ओतीव लोखंड, त्यावर वर्षानुवर्षं चढलेले रंगाचे थर. अशा पेटीला सुरीसारखी धार शोभत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: जॉन वॉर्नहॅम पेनफोल्ड या वास्तुविशारदाने केलेली ही पेटी १८६६ ते १८७९ या काळात ब्रिटनच्या रस्त्यांवर बसवली गेली. डडलीच्या कोक्रेन कंपनीने ती तीन आकारांत ओतली. टोपीवर अकँथस या झुडपाची नक्षीदार पानं, मधोमध कळी आणि कडेला मणी. जाणकार या मण्यांची संख्या आणि मांडणी बघूनच पेनफोल्डचे पोटप्रकार ठरवतात, त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही. मण्यांसाठी बरंच काही लावून पाहिलं. शेवटी स्वयंपाकघरातला राजगिरा बरोबर बसला. पानं एपॉक्सी पुट्टीची, एकेक सुटं करून.

धड करताना सगळ्यात जास्त वेळ मात्र पत्र टाकायच्या फटीने खाल्ला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पत्रपेटीचा सगळा इतिहास त्या फटीतच आहे असं माझं मत झालंय. अँथनी ट्रोलोप पुढे कादंबरीकार म्हणून गाजला, पण तेव्हा तो टपालखात्यात नोकरीला होता. त्याच्या शिफारशीवरून १८५२ साली जर्सी बेटावर पहिल्या पेट्या आल्या. त्यानंतरच्या जुन्या पेट्यांपैकी दोन आजही वापरात आहेत, एक गर्न्सी बेटावरच्या युनियन स्ट्रीटवर आणि दुसरी इंग्लंडातल्या डॉर्सेटमध्ये होलवेलजवळ. दोन्हींची फट उभी. १८५९च्या पहिल्या प्रमाणित पेटीत ती आडवी होऊन टोपीच्या पुढे आलेल्या कडेखाली गेली, म्हणजे पाऊस आत शिरू नये. आपल्याकडच्या पागोळ्या बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पेनफोल्ड देखणी खरी, पण आत पत्रं अडकतात अशा तक्रारी होत्या आणि नक्षीमुळे ती महागही पडायची. म्हणून १८७९ला साधी गोल पेटी आली. गंमत म्हणजे तिच्यातही फट इतकी वर ठेवली की पत्रं टोपीत अडकू लागली. १८८३मध्ये ती खाली आणावी लागली. पुढे एडवर्ड सातव्याच्या काळात फट सरळ दारातच बसवली. दार उघडलं की फटही त्याच्याबरोबर बाहेर येते, मग पत्र अडकणार कुठे? पन्नासेक वर्षांच्या धडपडीनंतर सुचलेला हा उपाय मला पेनफोल्डच्या सगळ्या पानाफुलांपेक्षा जास्त आवडतो. पण मॉडेल पानाफुलांचंच करतोय, त्याला इलाज नाही.

आता रंग. लाल पेनफोल्डचे फोटो इतके फिरतात की हिरवा म्हटल्यावर कुणीतरी भुवया उंचावणारच. पण १८५९पासून हिरवा हाच ठरलेला रंग होता. तो नजरेत भरत नाही, लोक पेटीवर आदळतात, अशी ओरड झाली तेव्हा १८७४ला लाल आला, आणि सगळ्या पेट्या रंगवून व्हायला दहा वर्षं गेली. मी सुरुवातीच्या काळातली पेटी करतोय, तेव्हा गडद हिरवा. प्रायमरचा हात मात्र पावसाने उघडीप दिल्याशिवाय मारणार नाही. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते.

राहिलं राजमुद्रेचं आणि व्हिक्टोरिया राणीच्या अद्याक्षरांचं काम. व्ही आणि आर ही दोन अक्षरं या मापात कोरायची म्हणजे डोळ्यांची परीक्षा. म्हणून यानंतरचं मॉडेल आत्ताच ठरवून टाकलंय: १८७९ची हँडीसाइड कंपनीची गोल पेटी. तिच्यावर राणीची अद्याक्षरं आणि ‘पोस्ट ऑफिस’ हे शब्द घालायचे राहूनच गेले, ते थेट १८८७मध्ये आले. संग्राहक तिला ‘अनामिक’ म्हणतात. कोरीवकाम शून्य.