शेवटी प्रार्थना असते का?

रात्र

‘शेवटी प्रार्थना असते का?’ एवढंच विचारलं तिनं. मी म्हणाले, ‘नाही गं, आपण इथं बोलायला जमतो.’ तिनं मान हलवली, आपली खुर्ची मिटून भिंतीला लावली, पिशवी उचलली आणि गेली. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. आता दोन वाजून गेलेत आणि मी अजून त्याच अर्ध्या मिनिटात अडकले आहे.

खोटं काही बोलले नाही मी. वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांतले (म्हणजे चर्चमधले) आम्ही सतरा जण मंडळीचं पुढे काय होणार यावर बोलायला जमतो, त्या आपल्या बैठकीची रीतच ती आहे. पण ज्या सुरात ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, तो सूर मला बोचतो आहे. खिडकीपलीकडून ‘हे काम इथं होत नाही’ म्हणतात ना, तसा. पहिल्यांदाच आलेली मुलगी. दीड तास एक शब्द न बोलता ऐकत बसली होती, आणि जे एक विचारलं त्याला मी हे उत्तर दिलं.

लाज आणखी वाटते ती अशासाठी की त्याच्या पाऊण तास आधी मी मोठ्या उमाळ्यानं अझरियांबद्दल बोलत होते. १९१० साली एडिंबराला मिशनरी परिषद भरली होती. सुमारे बाराशे प्रतिनिधी, त्यांत आशियातल्या मंडळ्यांचे वीससुद्धा नाहीत, आणि आफ्रिकी मंडळ्यांचा आवाज जवळजवळ नाहीच. त्या सभेत भारतातले धर्मगुरू व्ही. एस. अझरिया उभे राहिले. मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी मान्य केला, त्याबद्दल आभारही मानले, आणि मग म्हणाले की आता आम्हाला प्रेम हवंय, मित्र हवेत. देणग्या, संस्था, बलिदान सगळं पोचलं होतं. शेजारी बसणारा माणूस पोचला नव्हता. ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांना ते रुचलं नाही. दोन वर्षांनी हेच अझरिया अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांची मित्रांची मागणी.

हे सांगताना माझा गळा दाटला होता. खरंच दाटला होता. आणि पाऊण तासानं मी त्या मुलीला नियम सांगितला.

काल आम्ही आकडे काढले होते. एडिंबरात जमलेल्यांना उद्याचं चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. विश्वास इथून निघणार आणि तिकडे पोचणार. तेव्हा जगातले सुमारे दोन तृतीयांश ख्रिस्ती युरोपात राहत होते. शंभर वर्षांनी, २०१० साली, ते प्रमाण २६ टक्क्यांवर आलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत १९१० मध्ये नव्वद लाखांच्या आसपास ख्रिस्ती होते, ते पन्नास कोटींच्या वर गेले. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्यापेक्षा कमी भरले, ४६.२ टक्के. ज्यांच्याकडे पाठवायचं होतं तेच आता मोठ्या संख्येनं मंडळी झाले आहेत, आणि जिथून पाठवायचं होतं तिथली देवळं रिकामी होत आहेत. हे ऐकून आमच्यातले डॉक्टर म्हणाले, भविष्याबद्दल बोलणाऱ्यांनी एडिंबराचा धडा रोज वाचावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

आता वाटतं, कालची चर्चा चांगलीच झाली होती. अगदी हवी तशी. म्हणूनच तिचा प्रश्न इतका परका वाटला का मला?

प्रार्थना नको हा नियम मीच सुचवला होता. पहिल्या तीन बैठकांचा अनुभव कुणी विसरलेलं नाही. पहिल्या वेळी एकीनं डोळे मिटून मोठ्यानं सुरुवात केली, तिच्या मंडळीत सगळे एकदम मोठ्यानं करतात, आणि आमच्यातल्या कॅथलिक जोगीण, सिस्टर, गोंधळून गप्प झाल्या. दुसऱ्या वेळी सिस्टरांनी मरियेला हाक घातली तर ज्यांच्यात ते चालत नाही असे दोघं उठून बाहेर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या वेळी कुणीतरी ‘भटकलेल्या लेकरांसाठी’ प्रार्थना केली आणि काका पांढरेफटक पडले. काकांचं काय झालं होतं ते आपल्याला माहीत आहे. प्रार्थनेत नाव घेऊन माणसाला टोचता येतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, त्यामुळे उत्तरही देता येत नाही. त्या रात्री मी सगळ्यांना फोन केले आणि म्हटलं, यापुढे फक्त बोलू. कुणाला बाहेर उभं राहावं लागू नये म्हणून.

आणि त्याच नियमानं काल एकीला दाराबाहेर काढलं.

तीन वर्षं झाली. खुर्च्या मांडायच्या, निरोप धाडायचे, रुसलेल्याला समजवायचं, रात्री बसून टिपणं काढायची. कोण येणार, कोण येणार नाही, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही. आजवर एकानंही विचारलं नाही की बाई, तुझं कसं चाललंय. सगळ्यांना मी सूत्रधार हवी आहे. सूत्रधाराला विश्वास आहे की नाही, उरला आहे की नाही, हे कुणाला कशाला… जाऊ दे. डोळे चुरचुरताहेत.

सकाळ

झोप लागली नाही. मोबाईल तीनदा हातात घेतला आणि ठेवला. तिला काय लिहिणार? ‘माफ कर, पुढच्या वेळी प्रार्थना ठेवू’? आणि काकांना काय सांगणार?

सिस्टरांनी मागे सिनडबद्दल, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या धर्मसभेबद्दल, सांगितलं होतं ते आठवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमला, व्हॅटिकनच्या सभागृहात, बिशपांच्या उतरत्या रांगा नव्हत्या, गोल टेबलं होती. कार्डिनलशेजारी कुठली तरी शिक्षिका, तिच्या शेजारी तरुण मुलगा. अशा सभेत स्त्रियांना मताचा हक्क पहिल्यांदाच मिळाला होता. सिस्टर हे सांगताना मुलीसारख्या खुलल्या होत्या. बोलण्याची पद्धतही त्यांनी समजावली होती. पहिल्या फेरीत प्रत्येकानं आपलं सांगायचं, मधे कुणी तोडायचं नाही. मग शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं मत पुन्हा मांडायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय आपल्याला लागलं तेवढंच सांगायचं. पुन्हा शांतता. मग तिसऱ्या फेरीत सगळ्यांनी मिळून काय हाती लागतंय ते पाहायचं.

आम्हाला ते फार आवडलं होतं. लगेच उचललंही. फेऱ्या घेतल्या. ‘कुणी मधे तोडायचं नाही’ घेतलं. शांतता तेवढी राहून गेली. कुणी मुद्दाम काढली नाही. वेळ पुरत नव्हता, आणि गप्प बसलं की माणसं घड्याळाकडे पाहतात असं मला वाटायचं. मलाच वाटायचं, कुणी तसं म्हटलं नव्हतं.

दुसरी फेरी तरी नीट होते का? तीन वर्षांतली टिपणं आज उघडून बसले. माझ्याच अक्षरातली. ‘तरुण पिढी’, ‘संस्था’, ‘पाश्चात्त्य मंडळ्या’, ‘पेंटेकॉस्टल लाट’, ‘धर्मगुरूंची कमतरता’. पान उलटलं की पुन्हा तेच. ‘मी’ शोधत गेले. एकदा काकांचा सापडला, एकदा सिस्टरांचा, तोही त्यांनी लगेच मागे घेतला होता. माझा एकही नाही. शेजारच्या घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं आम्ही मंडळीबद्दल बोलतो. काळजीनं, माहितीनिशी, पण त्याच्या खोलीत पाऊल न टाकता.

लूकच्या शुभवर्तमानातले ते दोघं शिष्य आठवले, येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवरचे. ते तरी काय करत होते? घडलेल्या गोष्टींवर चर्चाच करत होते. वाटेत तिसरा येऊन चालू लागतो, तो येशूच असतो पण ते ओळखत नाहीत, आणि विचारतो, कशाबद्दल बोलताय? ते थबकतात, चेहरे उतरलेले. मग त्याला सगळी हकिकत क्रमवार सांगतात. कोण होता, काय झालं, कुणी केलं, आज तिसरा दिवस, बायका कबरेपाशी काय पाहून आल्या. माहिती अगदी पक्की आहे त्यांची. आणि त्या सगळ्या माहितीच्या मधोमध एकच वाक्य त्यांचं स्वतःचं आहे: आम्हाला आशा होती. होती. मी हा उतारा किती वेळा वाचलाय, वाचून दाखवलाय, पण आजवर मला त्यात शेवटची भाकर मोडणंच दिसायचं, जिथं ते त्याला ओळखतात. आज त्या ‘होती’पाशी येऊन थांबले आणि पुढे वाचवेना.

मला आशा होती. हे वाक्य मी बैठकीत कधी म्हटलं नाही. त्याऐवजी टक्केवारी सांगितली.

(कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा ‘देवाचा दरबार’ मनात होता सुरुवातीला. १९१७ साली त्यांनी तो मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य एका जागी बसतील म्हणून. दोन वर्षांत ते गेलेच. मी काही तेवढं मोठं योजलं नव्हतं. तरी रेव्हरंड टिळकांच्या त्या कल्पनेची आठवण काढून पहिला निरोप लिहिला होता, हे आज कुणाच्या लक्षातही नसेल.)

संध्याकाळ

शेवटी फोन केला. तिला वाटलं काहीतरी विसरली म्हणून केला. मी म्हटलं, नाही, काल तू विचारलंस ना प्रार्थनेचं, मी जरा तुटक बोलले, रात्रभर तेच डोक्यात आहे.

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘अहो ताई, मी सहज विचारलं. मला उशीर होत होता. प्रार्थना चालू असताना मधेच उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून आधी विचारून घेतलं.’

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. ‘अगं हो, हो,’ असं काहीतरी. ती म्हणाली, बैठक आवडली, अझरियांची गोष्ट तिनं घरी सांगितली, पुढच्या वेळी येईन. आणि मग, जरा थांबून, ‘तुमच्याकडे प्रार्थना नसते हे कळल्यावर थोडं हायसंही वाटलं खरं.’ का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तेवढं काकांमुळे शिकले आहे.

फोन ठेवला आणि वाटलं, आता छातीतला दगड उतरेल. उतरला नाही. दुखावली ती नव्हती. मग रात्रभर जे दुखत होतं ते कुणाचं?

उत्तर लिहायला हात अडतोय, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. तिनं विचारलं त्या क्षणी माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘हो’. ‘हो, असते, थांब.’ तो मीच गिळला आणि नियम पुढे केला. काकांसाठी केलेला नियम केव्हातरी माझ्या सोयीचा झाला होता. मी बैठक चालवते, टिपणं काढते, सगळ्यांच्या विश्वासाची विचारपूस करते. माझा मात्र कुणी विचारायच्या आत विषय निघून जातो. कुणी विचारत नाही म्हणून काल रात्री रडले. कुणी विचारू शकेल अशी जागा मी तरी कुठे ठेवली होती?

हे लिहून झाल्यावर कालच्यासारखं भरून येत नाहीये. आहे ते असं आहे. मंडळीचं पुढे काय होणार हे एडिंबरातल्या बाराशेंना कळलं नाही, आमच्या सतरा जणांना कुठून कळणार? गणित चुकलं म्हणून काही अडलं नाही त्यांचं. मात्र त्या सभेत एकानं उभं राहून आपल्याला काय हवंय ते सांगितलं, आणि शंभराहून अधिक वर्षं झाली तरी ते आपण अजून ऐकतो आहोत.

रात्री काकांना फोन केला. मुलीचं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, ‘काका, दोन फेऱ्यांच्या मधे जरा गप्प बसायचं का? कुणी मोठ्यानं काही म्हणायचं नाही, कुणाचं नाव नाही, डोळे मिटायचीही सक्ती नाही. ज्याला जे करायचं ते त्यानं आपल्या मनात करावं. मला… मला हवंय ते.’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

‘किती वेळ?’ त्यांनी विचारलं.

‘चार मिनिटं. सिनडमध्ये तेवढी असायची, सिस्टर म्हणत होत्या.’

‘चार फार होतात गं मला.’

‘मग?’

‘दोन करू आधी.’

दोन ठरली.