मीटरने सांगितलेले अर्धेच खरे

मार्चअखेरीची धावपळ चालू असताना एका पतसंस्थेत हिशेब सांभाळणाऱ्या ताई त्यांचा लॅपटॉप चार दिवसांत दुसऱ्यांदा माझ्या दुकानात घेऊन आल्या. “दादा, बॅटरी नवी घातलीत, तरी सात टक्क्यांच्या वर सरकत नाही,” पिशवी टेबलावर ठेवता ठेवताच त्या म्हणाल्या, “आणि एक नोंद करायची तर चहा गार होतो.” ती बॅटरी मीच विकलेली असल्यामुळे मला उत्तर सुचेना.

पहिल्या खेपेला मी ॲडॉप्टरला मीटर लावला होता. पिनेच्या नळीची आतली आणि बाहेरची बाजू यांमध्ये 19.5 व्होल्ट दिसले, ॲडॉप्टरवरही तेवढेच छापलेले होते, म्हणून दोष बॅटरीवर टाकून मी मोकळा झालो होतो. या वेळी लॅपटॉप चालू करताच पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली आणि ताईंनी सवयीने कळ दाबून ती घालवली. “ती रोजच येते,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा चालू करून ती वाचली, तेव्हा ॲडॉप्टरचा प्रकार ओळखता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. प्रोसेसरचा वेग पाहिला, तर तो 0.79 गिगाहर्ट्झवर अडकलेला.

या जातीच्या ॲडॉप्टरमध्ये वीज वाहणाऱ्या दोन तारांखेरीज तिसरी एक बारीक तार असते. ती नळीच्या मधोमध असलेल्या सुईसारख्या पिनेपर्यंत जाते आणि ॲडॉप्टर किती वॉटचा आहे ते आतल्या चिपमार्फत लॅपटॉपला कळवते. ही ओळख पटली नाही, तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि वेगही आवरता घेतो. माझ्या मीटरच्या दोन टोकांनी त्या पिनेला स्पर्शच केला नव्हता.

पिनेपासून दोन इंचांवर केबल कापली. बाहेर तांब्याची जाळी, आत पांढऱ्या आवरणाची जाड तार आणि तिच्या शेजारी केसाहून थोडी जाड अशी निळी तार. तार अखंड असली की मीटर वाजतो; निळीचे टोक आणि मधली पिन यांच्यामध्ये तो वाजला नाही. रबरी मुठीत, केबल नेमकी जिथे रोज मुडपत असे, तिथे ती तुटली होती. नवी पिन जोडताना निळी आणि पांढरी एकमेकींना लागल्या, तर 19.5 व्होल्ट थेट त्या चिपवर जाऊन ॲडॉप्टर कायमचा मुका होतो, शिवाय मदरबोर्डलाही धोका असतो. म्हणून प्रत्येक तारेवर वेगळी हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारे प्लास्टिकचे आवरण, चढवली. खरे सांगायचे तर हात थोडा थरथरत होता.

नव्या पिनेवर लॅपटॉप चालू केला, तर सूचना आली नाही. खणात पडलेली त्यांची जुनी बॅटरी काढून बसवली, तर तीही निमूट भरू लागली. नव्या बॅटरीचे पैसे मी परत केले आणि दुरुस्तीचे काही मागण्याचे धाडस मला झाले नाही.