न वाजवता घेतलेले

आमच्या घरी माठ घ्यायचा तर आई बरोबर हवीच. ती बोटाच्या पेराने माठावर टकटक करते, कान जवळ नेते आणि "बद्द वाजतोय, ठेव" म्हणून पुढच्याकडे वळते. नारळ कानाशी हलवून, कलिंगड थापटून. पूर्वी तर रुपयासुद्धा दगडावर आपटून, खणखणीत वाजला तरच खिशात जायचा. अशा घरात वाढूनही, जिला वाजण्यापलीकडे दुसरं कामच नाही अशी वस्तू मी न वाजवता घेतली. स्पीकरची जोडी. रात्री साडेअकराला, पांघरुणात, मोबाइलवरून.

"ऐकलेस का आधी?" आईने विचारलं.

"नाही. वाचलं."

यावर ती काही बोलली नाही. गवार मोडत राहिली.

वाचलं मात्र भरपूर होतं. तीन आठवडे. स्पीकरबद्दल लिहिणाऱ्या लोकांची भाषा गंमतीची असते. अमुकचा आवाज उबदार, तमुकचा कोरडा, तिसऱ्याचा मलईदार. हे स्पीकर आहेत की दिवाळीचा फराळ, अशी शंका यावी. मग व्हिडिओ पाहिले. त्यात एक माणूस दोन स्पीकर आलटून पालटून वाजवून दाखवत होता आणि मी डोळे मिटून, मान डोलवत फरक टिपत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी जे ऐकतोय तो माझ्याच मोबाइलचा टिचभर स्पीकर आहे.

दुकानात गेलो नव्हतो असंही नाही. पुण्यात अशा वस्तूंसाठी बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. तिथे एका दुकानात सतरा स्पीकर भिंतीला एकावर एक रचलेले, बाहेर गाड्यांचे हॉर्न, आणि विक्रेत्याने लावलं काय, तर धडाडधूम ठेका. "साहेब, बास बघा!" बास बघितला. पोटात जाणवला. मी मालकंस मागितला तेव्हा त्याने मोठ्या सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं. शिवाय एक मेख असते: दोन स्पीकरांतला जो किंचित मोठ्याने वाजतो, तोच कानाला जास्त चांगला वाटतो. आवाजाचं बटण ज्याच्या हातात, निवडही थोडीफार त्याच्याच हातात.

कान तरी कुठे निर्मळ असतात? फ्लॉईड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये तेच श्रोते, तेच स्पीकर घेऊन चाचणी केली. एकदा स्पीकर समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. पडदा आल्यावर गुण बदलले. दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या स्पीकरांचं जास्त कौतुक झालं होतं. हे वाचून मला फार धीर आला. (धीर हवा असला की माणूस नेमकं तेच वाचतो, हेही खरं.)

माझी परीक्षा एकच होती: तानपुरा. काळी एक या पट्टीचा षड्ज, म्हणजे 'सा', साधारण १३९ हर्ट्झचा, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. कागदावर माझे स्पीकर ५५ पर्यंत उतरत होते. म्हणजे खर्ज मिळणार. हिशेब चोख.

खोका आला, तारा जोडल्या, तानपुरा लावला. खर्ज आला. इतका आला की बाकीच्या तारा दिसेनात. घागरीत तोंड घालून कुणी "सा" लावावा तसं घूं... घूं... आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिक्सर बंद कर रे."

दोन दिवस स्पीकरला शिव्या दिल्या. मग टेप घेऊन खोली मोजली. रुंदी आठ फूट. ७० हर्ट्झच्या आवाजाची लाट सोळा फुटांची, तिची अर्धी नेमकी आठ. म्हणजे तो एकच सूर दोन भिंतींच्या मध्ये मापाने शिवल्यासारखा बसतो. भिंतींपाशी फुगतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. आणि आमचे स्पीकर एका भिंतीला टेकलेले, समोरचा दिवाण दुसऱ्या भिंतीला. घुमत होती ती बिल्डरने आखलेली खोली. तापकीर गल्लीतल्या त्या विक्रेत्याने जीव तोडून मालकंस ऐकवला असता, तरी आमची आठ फुटांची खोली तो कुठून ऐकवणार होता?

मग सरकवासरकव सुरू झाली. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे. मोझॅकच्या फरशीवर सतरंजी. दिवाण हलेना, म्हणून मी खुर्चीच उचलून खोलीत फिरलो. मधोमध बसलो तर खर्ज गायब. भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर आलो आणि जवारी, तारांची ती गुंजणारी झणकार, एकदम उलगडली. चारही तारा आपापल्या जागी.

आता ती खुर्ची तिथेच असते, येण्याजाण्याच्या वाटेत. बायको तिला वळसा घालून जाते आणि दर वेळी माझ्याकडे बघते. आई दुपारी तिच्यावर बसून भाजी निवडते. परवा मी तानपुरा लावला तेव्हा ती गवार हातात धरून जरा वेळ थांबली, मग स्पीकरच्या लाकडावर पेराने दोनदा टकटक केलं.

"बरा आहे," म्हणाली. "कितीला पडला?"

मी निम्मी किंमत सांगितली.