तुम्ही विचारलंत म्हणून: यखन्याच्या पुढे कोण?

दर नाताळाआधी कुणीतरी विचारतंच: तारा, मेंढपाळ, गव्हाणी सोडून संडेस्कूलच्या पोरांकडून बायबलमधल्या मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली येशूची वंशावळ कशाला पाठ करून घेता? इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता सांगूनच टाकते.

वंशावळींचा तिटकारा मलाच सगळ्यांत जास्त होता. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा घराण्याने त्यांच्या नावाने आंघोळ केली. पुढे कुलवृत्तांत निघणार असं कळल्यावर बाबांनी आमची सगळी माहिती, जन्मतारखांसकट, सुवाच्य अक्षरात रजिस्टरने पाठवली. वर्षभराने एका चुलत काकांकडे तो ग्रंथ पाहायला मिळाला. बाबांनी चष्मा पुसला, पान शोधलं, ओळींवरून बोट फिरवत खाली आले. आजोबांच्या नावापुढे एकच शब्द होता: निर्वंश. तो वाचत होता त्यांचा मुलगा. शेजारी नात. बाबांनी ग्रंथ मिटला, दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाले, "छपाई छान झालीय." चहाही घेतला.

एसटीत मी भांडले, तेही बाबांशीच. कशाला पाठवलीत नावं, भीक मागितल्यासारखी? ते खिडकीबाहेर बघत राहिले. स्टँडवर उतरताना म्हणाले, "अण्णांचं नाव तर होतं ना."

तेव्हा मी बावीस वर्षांची. त्यानंतर उपासनेत मत्तय १ वाचायला लागले की मी उठून बाहेर जायचे. इथेही तेच, अमक्याला तमका झाला!

बऱ्याच वर्षांनी बायबलमधल्याच यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, २२व्या अध्यायात अडकले. राजा यखन्या, यिर्मया त्याला कोन्या म्हणतो. हा निःसंतान असं लिहा, असा हुकूम, आणि तो खुद्द देवाचा. इ.स.पू. ५९७ मध्ये त्याला बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, कैद करून नेलं. तिथल्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्यात, राजाच्या कोठारातून तेल कुणाकुणाला दिलं याचा हिशेब. त्यात यहूदाचा हा राजा आहे आणि त्याचे पाच मुलगे आहेत. शत्रूच्या कारकुनाने पोरं मोजून ठेवली! यखन्या माझ्या बोटातली मुद्रेची अंगठी असता तरी उपटून टाकीन, असं देव म्हणाला होता; तीच अंगठी हाग्गयाच्या पुस्तकात परत येते, यखन्याचा नातू जरुब्बाबेल याच्यासाठी. आणि मत्तय सरळ लिहितो, यखन्याला शल्तीएल झाला. देव वचन पाळतो हे पुलपिटावरून शेकडो वेळा ऐकलं होतं. पटलं ते या ओळीला.

हो, माहीत आहे. शाप गादीपुरता होता, असं पाळकसाहेब समजावतात. असेल. पण मला शल्तीएल पुरतो.

बावीस वर्षांची ती मात्र ऐकत नाही. म्हणते, मत्तयानेही योराम आणि उज्जीयाच्या मधले तीन राजे गाळलेत, चौदा-चौदा पिढ्यांचा मेळ बसवायला. मग कुलवृत्तांतवाल्यांनी काय वेगळं केलं? मी म्हणते, इथे तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे. बाहेरच्यांना आत घेतलंय. ती विचारते, आणि बथशेबाचं नाव? नुसतीच 'उरीयाची बायको'? यावर माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय मी लग्न केलं नाही. म्हणजे तो छापील शब्द माझ्यापाशी येऊन खरा होणार आहे, आणि हे वचनाच्या कुठल्या खणात बसवायचं ते मला कळलेलं नाही.

पोरं दरवर्षी तिथेच अडखळतात. "यखन्याला... यखन्याला... टीचर, पुढे कोण?"

मी सांगत नाही. थांबते. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच, "शल्तीएल!"